तीन ओळी, तिन्हींपुढे ‘रिकाम्या पोटी’: अल्सरच्या औषधाने थायरॉईडची गोळी कशी अडवली

रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील या लेखात दिलेला नाही. आकडे त्या क्रमाने दिले आहेत ज्या क्रमाने ते उपचार करणाऱ्यांच्या हाती आले. निर्णय त्या त्या वेळी कोणत्या माहितीवर घेतला गेला, हे त्याशिवाय कळत नाही.

पार्श्वभूमी

रुग्ण 61 वर्षांची स्त्री. बारा वर्षांपासून थायरॉईडची कमतरता, त्यासाठी रोज सकाळी लेव्होथायरॉक्सिन 100 मायक्रोग्रॅम. वर्षातून एकदा टीएसएच (थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) तपासला जाई, शेवटचा 2.1 होता (प्रयोगशाळेची मर्यादा 0.4 ते 4.0). म्हणजे डोस बसलेला होता. मधुमेह नाही, मूत्रपिंडाचे काम सामान्य.

गुडघेदुखीसाठी नेप्रोक्सेन 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहून दिले होते, दोन आठवड्यांसाठी. गुण येत होता, म्हणून ते चार महिने चालू राहिले. मग पोटाच्या वरच्या भागात जळजळ सुरू झाली. त्यावर त्यांनी स्वतःच आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल 20 मिलिग्रॅम घ्यायला सुरुवात केली आणि तीन आठवडे घेतले. ही शेवटची गोष्ट कुणीही विचारली नाही आणि त्यांनीही सांगितली नाही. तिची किंमत पुढे मोजावी लागली.

थकवा वाढला, हिमोग्लोबिन 10.4 आले, तेव्हा एंडोस्कोपी झाली. जठराच्या खालच्या भागात सुमारे 12 मिलिमीटरचा व्रण दिसला. तळ स्वच्छ, रक्तस्राव चालू नव्हता. कडेचे तुकडे बायोप्सीला गेले. कर्करोगाची लक्षणे नव्हती. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूसाठी तिथल्या तिथे केलेली युरिएज चाचणी निगेटिव्ह आली. निष्कर्ष निघाला की हा पेनकिलरमुळे झालेला अल्सर. नेप्रोक्सेन बंद. आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल (ओमेप्राझोलच्याच गटातले) 40 मिलिग्रॅम सकाळी, किमान आठ आठवडे. लोहाची गोळी दुपारी, एक दिवसाआड. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, वरून लावायचे जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम.

नेप्रोक्सेनसारखी औषधे जठरातील प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. आतल्या अस्तरावरचा श्लेष्म, बायकार्बोनेट आणि रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनवरच टिकून असतो. गोळीवर आवरण असले किंवा ती जेवणानंतर घेतली, तरी हा परिणाम टळत नाही, कारण तो रक्तातून होतो. म्हणून अल्सर सापडल्यावर पहिले काम ती गोळी थांबवण्याचे. ते इथे पहिल्याच दिवशी झाले.

सुक्राल्फेट कसे आले

दहाव्या दिवशी जळजळ अजून पूर्ण गेली नव्हती. पुन्हा दाखवल्यावर सुक्राल्फेटचे पातळ औषध जोडले गेले: 1 ग्रॅम, दिवसातून चार वेळा, जेवणाआधी एक तास आणि झोपताना, रिकाम्या पोटी.

सुक्राल्फेट हा सुक्रोज ऑक्टासल्फेटचा ॲल्युमिनियमयुक्त क्षार. आम्लात तो चिकट खळीसारखा होतो आणि व्रणाच्या उघड्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. सुमारे सहा तास तो लेप टिकतो. शरीरात शोषला जातो तो अगदी थोडा, म्हणून ‘हे नुसतं वरून लेप लावणारं औषध, याचा काय त्रास होणार’ असा समज रुग्णांत असतो आणि औषध देणाऱ्यांतही. बद्धकोष्ठ सोडले तर थेट त्रास खरोखरच कमी. अडचण दुसरीकडे आहे: जी चिकट वस्तू व्रणाला धरते, ती सोबत पोटात आलेल्या इतर औषधांनाही धरते. लेव्होथायरॉक्सिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके, टेट्रासायक्लिन, फेनिटॉइन, डिगॉक्सिन, काही रुग्णांत वॉरफॅरिन. ही औषधे आतड्यातून पुरती शोषलीच जात नाहीत. गोळी घेतली जाते, डबी रिकामी होत जाते, रक्तात मात्र औषध कमी पोचते.

इथे दोन गोष्टी राहून गेल्या. पहिली, सुक्राल्फेट कधी थांबवायचे हे चिठ्ठीवर नव्हते. त्याचा नेहमीचा कालावधी 4 ते 8 आठवडे. पुढे चालू ठेवायचे तर कारण हवे. दुसरी, त्याची खरी गरज होती का, हा प्रश्न. साध्या जठरव्रणात पँटोप्राझोलसारख्या औषधावर सुक्राल्फेट जोडल्याने व्रण अधिक लवकर भरतो असे ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय खळी होण्यासाठी त्याला आम्ल लागते आणि पँटोप्राझोल तेच कमी करते. दहा दिवसांत जळजळ पूर्ण न जाणे हे अपयश नव्हते. आणखी आठवडाभर थांबून पाहणे आणि पँटोप्राझोल नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घेतले जाते आहे ना हे विचारणे, एवढे पुरले असते.

अडचण

नवव्या आठवड्यात त्या वेगळ्याच तक्रारी घेऊन आल्या. पोट शांत होते. पण दिवसभर मरगळ, बद्धकोष्ठ, कातडी कोरडी आणि वजन दोन किलोने वाढलेले. हिमोग्लोबिन 11.8 पर्यंत वर आले होते, त्यामुळे थकव्याचे खापर त्यावर फोडता येईना. बद्धकोष्ठ तर सुक्राल्फेटनेही होते आणि लोहानेही. टीएसएच तपासला: 14.8. फ्री टी4 (रक्तातले मोकळे थायरॉईड संप्रेरक) मर्यादेच्या थोडे खाली.

चिठ्ठीवर लेव्होथायरॉक्सिन 125 मायक्रोग्रॅम लिहिले गेले. आकडा वाढला की डोस वाढवायचा, हा सरावाचा हात. ती चिठ्ठी घेऊन त्या औषधे घ्यायला गेल्या, तेव्हा फार्मासिस्टने जुना डोस आणि नवा डोस शेजारी ठेवून पाहिला. बारा वर्षांत जो डोस हलला नाही, तो एकदम का हलावा, असा त्याला प्रश्न पडला. त्याने विचारले, “सकाळी उठल्यापासून कोणतं औषध किती वाजता घेता, तेवढं सांगा.”

“सगळी एकदमच, सहाला,” त्या म्हणाल्या. “तिन्हींपुढे रिकाम्या पोटी लिहिलंय ना.”

आणि तसे ते होतेच. चिठ्ठीवर एकाखाली एक तीन ओळी: लेव्होथायरॉक्सिन, पँटोप्राझोल, सुक्राल्फेट. तिन्हींपुढे एकच सूचना. त्यांनी ती अक्षरशः पाळली होती. आधी बाटली हलवून एक माप सुक्राल्फेट, मग त्याच पाण्याच्या घोटाबरोबर दोन गोळ्या. साडेसात आठवडे रोज सकाळी थायरॉईडची गोळी थेट त्या खळीत पडत होती.

इथे ‘रुग्णाने औषध चुकीचे घेतले’ असे नोंदवले जाण्याचा धोका असतो. तसे नोंदवू नये. ‘रिकाम्या पोटी’ ही सूचना अन्न आणि औषध यांच्यातले अंतर सांगते, दोन औषधांतल्या अंतराबद्दल ती काहीच बोलत नाही. आणि ती तिघांसाठी तीन वेगळ्या कारणांनी लिहिलेली असते. लेव्होथायरॉक्सिन अन्नात अडकू नये म्हणून. पँटोप्राझोल आधी पोटात जाऊन, जेवणाने आम्ल तयार करणारे पंप जागे होतील त्या वेळी रक्तात हजर असावे म्हणून. सुक्राल्फेट अन्नातल्या प्रथिनांना न चिकटता व्रणाला चिकटावे म्हणून.

संशयित किती

सुक्राल्फेट हा एकटाच संशयित नव्हता. लोहाची गोळीही लेव्होथायरॉक्सिन धरून ठेवते, आणि तीही याच सुमारास सुरू झाली होती. पण ती दुपारी दोनच्या सुमारास घेतली जात होती, सकाळच्या गोळीनंतर आठ तासांनी. लागते ते 4 तासांचे अंतर. लोह सुटले.

पँटोप्राझोल इतक्या सहज सुटत नाही. लेव्होथायरॉक्सिनची गोळी विरघळण्यासाठी जठरातले आम्ल उपयोगी पडते. ते कमी झाले की काही रुग्णांत टीएसएच थोडा चढतो. इथे तासांचे अंतर ठेवून उपयोग नाही, कारण आम्ल दिवसभरच कमी असते. मात्र 2.1 वरून 14.8 ही झेप मोठी होती, आणि सुक्राल्फेट अगदी त्याच मिनिटाला घेतले जात होते. फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन केला. 125 ची चिठ्ठी तेवढ्यापुरती थांबली.

पर्याय

पहिला पर्याय, डोस वाढवणे. आकडा कदाचित खाली आलाही असता. पण सुक्राल्फेट कधीतरी थांबणारच होते, आणि ज्या दिवशी थांबेल त्या दिवसापासून 125 मायक्रोग्रॅमची पूर्ण गोळी शोषली जाऊ लागली असती. लेव्होथायरॉक्सिनचा रक्तातला अर्धायुकाल सुमारे एक आठवडा असल्याने जादा डोसचा परिणाम हळूहळू साचतो. छातीत धडधड व्हायला लागते तेव्हा सुक्राल्फेट कुणाच्या लक्षातही नसते. साठीच्या पुढे जादा थायरॉईड म्हणजे हृदयाची अनियमित लय आणि हाडांची झीज, दोन्हींची जोखीम. शिवाय अडथळ्याचे प्रमाण रोज सारखे नसते. एखाद्या दिवशी सुक्राल्फेट राहून गेले की त्या दिवशी डोस जास्त पडतो.

दुसरा पर्याय, दोन्ही चालू ठेवून वेळा बदलणे. हे बोलायला सोपे आहे. लेव्होथायरॉक्सिन आणि सुक्राल्फेट यांच्यात किमान 4 तास हवेत. सुक्राल्फेट रिकाम्या पोटी हवे. आणि ते चार वेळा आहे. कागदावर मांडले तेव्हा दिवस असा झाला: सकाळी 6 ला लेव्होथायरॉक्सिन, 6:30 ला पँटोप्राझोल, 7:15 ला नाश्ता, 11 ला सुक्राल्फेट, 12:30 ला जेवण, 2 ला लोह, 4 ला सुक्राल्फेट, 7 ला पुन्हा सुक्राल्फेट, 8:15 ला जेवण, 11 ला शेवटचे सुक्राल्फेट. रात्रीच्या 11 पासून सकाळी 6 पर्यंत सात तास, सकाळी 6 पासून 11 पर्यंत पाच. गणित बसते. पण हे वेळापत्रक एका घोट चहालाही जागा ठेवत नाही, आणि पाहुणे आले, प्रवास निघाला की कोसळते. दोन आठवडे पाळता येईल, दोन महिने नाही.

तिसरा पर्याय, लेव्होथायरॉक्सिन रात्री झोपताना घेणे. शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतले तर ही पद्धत एरवी चांगली चालते. इथे झोपतानाची जागा सुक्राल्फेटने आधीच अडवली होती. हा पर्याय दोन मिनिटांत बाजूला पडला.

चौथा, सुक्राल्फेट थांबवणे. जळजळ सहा आठवड्यांपासून नव्हती. औषधाचा नेहमीचा कालावधी संपत आला होता. व्रण भरण्याचे मुख्य काम पँटोप्राझोल करत होते, आणि पुन्हा एंडोस्कोपीची तारीख पुढच्याच आठवड्यात होती.

काय केले

सुक्राल्फेट त्याच दिवशी बंद. ते हळूहळू कमी करत जाण्याची गरज नसते. लेव्होथायरॉक्सिन 100 वरच ठेवले, सकाळी 6 ला, साध्या पाण्याबरोबर, एकटे. पुढची टीएसएच तपासणी 6 ते 8 आठवड्यांनी ठरली. त्याआधी तपासून काही कळत नाही, कारण टीएसएच सोडणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला नव्या पातळीशी जुळवून घ्यायला तेवढा काळ लागतो. दोन आठवड्यांतच तपासून, ‘अजून 9 आहे’ म्हणून डोस वाढवणे ही दुसरी नेहमीची चूक, म्हणून तारीख चिठ्ठीवर ठळक लिहिली गेली. छातीत दुखणे, धाप किंवा अतिशय झापड आली तर थांबायचे नाही, लगेच यायचे, हेही सांगितले.

दहाव्या आठवड्यातल्या एंडोस्कोपीत व्रण भरलेला होता, फिकट व्रणखूण तेवढी उरली होती. जठरातल्या अल्सरसाठी ही दुसरी तपासणी महत्त्वाची असते. क्वचित कर्करोगाचा व्रणही औषधाने वरवर भरल्यासारखा दिसतो, म्हणून खुणेच्या कडेचेही तुकडे घेतले गेले. निर्धोक निघाले.

याच वेळी कुणीतरी पहिल्या एंडोस्कोपीचा कागद उलटून पाहिला आणि प्रश्न आला: त्या दिवशी आम्ल कमी करणारे काही चालू होते का? तेव्हा त्या तीन आठवड्यांच्या ओमेप्राझोलची गोष्ट बाहेर आली. या गटातली औषधे चालू असताना हेलिकोबॅक्टरची संख्या दबते आणि तो जठराच्या वरच्या भागात सरकतो. खालच्या भागातून घेतलेली युरिएज चाचणी मग खोटी निगेटिव्ह येऊ शकते. खात्रीची चाचणी करायची तर ही औषधे 2 आठवडे आणि प्रतिजैविके व बिस्मथ 4 आठवडे बंद असावी लागतात.

पँटोप्राझोल थांबवले. दोन आठवड्यांनी युरिया श्वासचाचणी झाली. ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे हा अल्सर एकट्या नेप्रोक्सेनचा नव्हता, आणि जिवाणू तसाच राहिला असता तर पुढच्या पेनकिलरच्या वेळी, किंवा पेनकिलर नसतानाही, अल्सर परतू शकला असता. 1982 मध्ये वॉरेन आणि मार्शल यांनी हा जिवाणू वेगळा वाढवून दाखवला, 2005 मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. तरी अल्सरच्या प्रकरणात पेनकिलर हाती लागली की दुसरे कारण शोधणे आजही थांबते.

दुसऱ्यांदा तीच परीक्षा

जिवाणूसाठी 14 दिवसांचा चार औषधांचा कोर्स ठरला: बिस्मथ, टेट्रासायक्लिन 500 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, मेट्रोनिडाझोल आणि दिवसातून दोनदा पँटोप्राझोल. टेट्रासायक्लिन लोहाला बांधले जाते. चार वेळच्या औषधात लोहाला सुरक्षित जागा शोधत बसण्याऐवजी लोह 14 दिवस बंद ठेवले. हिमोग्लोबिन तोवर 12 च्या पुढे होते. दोन आठवड्यांचा खंड चालण्यासारखा होता, कोर्स फसणे नाही.

यावेळी चिठ्ठीला आणखी एक रकाना होता. ‘रिकाम्या पोटी’ आणि ‘जेवणानंतर’ यांच्या शेजारी प्रत्यक्ष वेळ. 6 ला लेव्होथायरॉक्सिन, तिच्यापुढे ‘एकटी’ असा शब्द. टेट्रासायक्लिनपुढे ‘भरपूर पाणी, नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही’, कारण ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करते. कोर्स चालू असेपर्यंत आणि संपल्यानंतर किमान तीन दिवस मद्य नाही. आणि एक ओळ शौचाबद्दल.

त्या ओळीला कारण होते. सुरुवातीला, अल्सरच्या उपचाराच्या दुसऱ्या आठवड्यात, लोह चालू असताना त्या काळे शौच झाले म्हणून घाबरून आल्या होत्या. तपासले तेव्हा तो लोहाचा रंग निघाला. बिस्मथनेही शौच काळे होते, जीभही काळवंडते. फरक असा ओळखतात: औषधाने रंग बदलतो, पण शौच नेहमीसारखे बांधलेले राहते. रक्तस्रावाचे शौच डांबरासारखे चिकट, चकाकणारे आणि उग्र वासाचे असते, आणि सोबत चक्कर, घाम किंवा धडधड येऊ शकते. शंका राहिली तर घरी ताडत बसू नये. हिमोग्लोबिन आणि नाडी पाहायला दहा मिनिटे लागतात. रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, किंवा पोटात एकाएकी सुरी खुपसल्यासारखी कळ, हे मात्र थेट तातडीच्या विभागात जाण्याचे काम.

निष्पत्ती

सोळाव्या आठवड्यात, सुक्राल्फेट थांबून सात आठवडे झाल्यावर, टीएसएच 2.8 आला. डोस तोच, 100. मरगळ आधीच ओसरली होती, बद्धकोष्ठ तर पहिल्या दहा दिवसांतच गेले. एकोणिसाव्या आठवड्यात, कोर्स संपून चार आठवड्यांहून अधिक झाल्यावर, श्वासचाचणी पुन्हा केली, निगेटिव्ह.

एक गोष्ट या प्रकरणातून सिद्ध होत नाही. सुक्राल्फेट आणि पँटोप्राझोल एका आठवड्याच्या अंतराने थांबले, त्यामुळे टीएसएच उतरण्यात कुणाचा किती वाटा हे वेगळे काढता येत नाही. ज्या रुग्णाला पँटोप्राझोल वर्षानुवर्षे लागणार आहे, तिथे टीएसएच पुन्हा तपासून खरोखरच डोस थोडा वाढवावा लागू शकतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त दुरुस्ती पहिल्याच भेटीत होती: ‘चिठ्ठीशिवाय, स्वतः आणून काही घेता का?’ हा प्रश्न. त्याने ओमेप्राझोल सापडले असते आणि दोन महिन्यांचा वळसा वाचला असता. ‘कोणती औषधे चालू आहेत’ असे विचारले की लोक डॉक्टरांनी दिलेलीच सांगतात.

सुक्राल्फेट जोडताना तीन गोष्टी लिहायच्या राहिल्या: थांबवण्याची तारीख, इतर औषधांपासूनचे तास, आणि माप. माप इथे नडले नाही, पण नडते. काही बाटल्यांत 1 ग्रॅम 5 मिलिलिटरमध्ये असतो, काहींत 10 मध्ये. कंपनी बदलली आणि चिठ्ठीवर नुसते ‘दोन चमचे’ असले, तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. चिठ्ठीवर ग्रॅम लिहावेत, मिलिलिटर बाटली पाहून ठरवावेत आणि बाटली प्रत्येक वेळी हलवावी, कारण औषध तळाला बसते.

मूत्रपिंड कमजोर असते, तर सुक्राल्फेट देण्याआधीच थांबून विचार करावा लागला असता. त्याच्या 1 ग्रॅममध्ये सुमारे 200 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असते. शोषला जाणारा अंश एरवी लघवीवाटे निघून जातो, मूत्रपिंड थकलेले असेल तर साचतो. आणि ॲल्युमिनियमचे अँटासिड जोडीला असेल तर आणखी.

टीएसएचच्या बाबतीत चूक घडता घडता राहिली ती एका माणसाच्या एका प्रश्नामुळे. तो प्रश्न काउंटरवर विचारला गेला, तपासणीच्या खोलीत नाही. त्या दवाखान्यात आता टीएसएच अचानक चढलेल्या रुग्णाला डोसआधी घड्याळ विचारतात: गेल्या तीन महिन्यांत कोणते नवे औषध आले, आणि ते सकाळी किती वाजता घेता. त्या बाईंच्या घरी औषधांच्या डबीच्या झाकणावर अजून तो रकान्यांचा कागद चिकटवलेला आहे. कोर्स केव्हाच संपला, लोहही बंद झाले, त्या ओळींवर रेघा मारलेल्या आहेत. उरली आहे ती पहिली ओळ: 6 वाजता, एकटी.